एका इंचाला एक फूट

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे उंबरठ्याला जेवढा मान मिळतो तेवढा वर्षभरात कधी मिळत नाही. वसुबारसेला त्याच्यासमोर सडा पडतो, रांगोळी पडते. लक्ष्मीपूजनाला त्याच्या दोन्ही अंगांना पणत्या लागतात, आणि बाहेरून आत येणारी लक्ष्मीची पावले काढली जातात. आमच्या घरी ही पावले अगदी गल्लीतल्या पहिल्या पायरीपासून निघतात, तीन पायऱ्या चढतात आणि उंबरठा ओलांडून देवघरापर्यंत जातात. लहानपणापासून मी ती पाहत आलो आहे. लक्ष्मीला पायऱ्या चढता येतात की नाही, असा प्रश्न मला सत्तर वर्षांत कधी पडला नव्हता. गेल्या दिवाळीत तो अक्काने विचारला, आणि तोही थट्टेने. पण त्या थट्टेपायी माझे सबंध वर्ष गेले.

अक्का ही माझी थोरली बहीण. यजमान गेल्यावरही ती कित्येक वर्षे आपल्या घरी एकटी राहिली. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जायचा, ती ओवाळायची आणि करंज्यांचा डबा हातात द्यायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हात पुष्कळसा सुधारला, पाय सुधारला नाही. तेव्हा मी तिला आमच्या घरी आणले. चाकाची खुर्ची आणली, मोरीत धरायला दांडा बसवला, न्हाणीघराचा उंबरठा फोडला. आपण बहिणीसाठी सगळे केले, अशा समाधानात मी होतो. मौज अशी की ती घरात होती तोवर हे समाधान खरेच होते. प्रश्न बाहेर जाण्याचा होता.

आमचे घर गुलमंडीच्या मागच्या अंगाला, जुन्या वस्तीत. दार थेट गल्लीत उघडते, मध्ये अंगण नाही. पावसाळ्यात गल्लीतून पाणी वाहते, म्हणून आजोबांनी जोते दोन फूट उंच घेतले आणि दारासमोर शहाबादी फरशीच्या तीन पायऱ्या बांधल्या. अक्काला दवाखान्यात न्यायचे, देवळात न्यायचे, नुसते संध्याकाळी वारे खायला दारात बसवायचे म्हटले तरी माझा मुलगा आणि पुतण्या दोघे मिळून तिला खुर्चीसकट उचलीत. मुले चांगली आहेत, कधी कुरकुर केली नाही. पण काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की अक्का बाहेर जायचे नावच काढीत नाही. दवाखान्याची तारीख पुढे ढकलते. कोणाच्या लग्नाला जायचे म्हटले की तिचे डोके दुखते. मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, पोरं मला उचलतात तेव्हा गल्लीतले सगळे वाट करून देतात. पलंग चालला की देतात ना, तशी." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या लक्ष्मीला विचार एकदा, कोणी उचलून आणलेलं चालेल का तिला?"

त्या दिवाळीत दारासमोरची रांगोळी सुनेने काढली. अक्का आतून, खिडकीच्या गजांमधून, कुठे ठिपका चुकला ते सांगत होती.

तेव्हा उतार बांधायचे मी ठरवले. मला वाटले होते की हे दोन दिवसांचे काम. दोन गोण्या सिमेंट, थोडी वाळू, एक मिस्त्री. पण उताराचेही एक गणित असते, आणि ते फार कठोर असते. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्रासाठी जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू केली, तिच्यात अपंगांसाठीच्या उताराचे प्रमाण एकास बारा असे दिले आहे. म्हणजे एक इंच चढायचे तर एक फूट लांबी हवी. याहून खडा उतार असला तर खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागतो, आणि खुर्ची स्वतः चालवणारा माणूस मागे घसरतो. उताराची रुंदी १८०० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना ८०० मिलिमीटर उंचीचे कठडे, एका दमात ९ मीटरपेक्षा जास्त लांबी नाही, दाराची मोकळी रुंदी निदान ९०० मिलिमीटर, असे सगळे त्यात आहे. त्या कलमांचा रोख सार्वजनिक वापराच्या इमारतींवर आहे; शाळा, कचेऱ्या, दुकाने यांच्यावर. तुमच्या-माझ्या राहत्या घराने उतार केलाच पाहिजे असे ती म्हणत नाहीत. पण गुरुत्वाकर्षण सार्वजनिक आणि खाजगी असा भेद मानीत नाही. आमचे जोते दोन फूट, म्हणजे चोवीस इंच. म्हणून उतार चोवीस फूट. आमची गल्ली चौदा फूट रुंद. दारातून सरळ उतार काढला तर तो समोरच्यांच्या दिवाणखान्यात पोचला असता.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, भिंतीला लावून आडवा घेऊ. तीन फूट रुंद. गल्लीत तीन फूट गेले तर काय बिघडते? इथे कोणाचे गेले नाहीत?" आणि त्याने हाताने गल्ली दाखवली. खरोखर, दाखवण्यासारखीच ती होती. एकाचा ओटा, दुसऱ्याची टाकी, तिसऱ्याचा जिना, चौथ्याच्या दुकानाची फळी, आणि आमच्या स्वतःच्या तीन पायऱ्या. "शनिवारी रात्री कोबा टाकतो, सोमवारी सकाळी कडक. कोणी विचारणार नाही. आणि विचारलं तर म्हातारीला दाखवा. कोणाची छाती आहे म्हातारीचा रस्ता मोडायची?"

हे शेवटचे वाक्य मला खटकले. का खटकले हे समजायला मात्र वेळ लागला. मिस्त्री लबाड माणूस नव्हे. तो स्वतः गुंठेवारीतल्या घरात राहतो. आमच्या शहराचा फार मोठा भाग असाच वाढला आहे. गुंठा-गुंठा जमीन मुखत्यारपत्रावर घ्यायची आणि नकाशाशिवाय घर उठवायचे. त्यासाठी २००१ साली कायदा झाला, २०२१ मध्ये तो दुरुस्त होऊन डिसेंबर २०२० अखेरपर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. ज्याचे सबंध घरच आधी बांधले गेले आणि परवानगी मागाहून आली, त्याला तीन फुटांच्या उतारासाठी अर्ज करणे हास्यास्पद वाटले तर त्याचा दोष काय? त्याच्या अनुभवाप्रमाणे नियम हा भिंतीसारखा नसतो, हवामानासारखा असतो. येतो आणि जातो.

मला खटकले ते निराळेच. अक्काला कोणीतरी ओझे म्हणून उचलू नये यासाठी मी उतार बांधीत होतो, आणि मिस्त्री मला तिची ढाल करायला सांगत होता. कामातला अडथळा दूर करायला मी तिला पुन्हा उचलूनच पुढे धरणार होतो.

तरीही मी ते केले असते, हे कबूल करतो. मी शुक्रवारी वाळूही मागवली. पण आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, एक मास्टरसाहेब राहतात. उर्दू शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले. सेवानिवृत्तीनंतर त्यांचे डोळे हळूहळू गेले, आता दहा वर्षे काहीच दिसत नाही. रोज पहाटे आणि संध्याकाळी ते काठी घेऊन मशिदीत जातात, आणि जाताना आमच्या भिंतीवर डाव्या हाताची बोटे ठेवून चालतात. आमच्या पायऱ्यांपाशी आले की भिंत सोडतात, तीन पावले बाहेर जातात, पुन्हा भिंतीला येतात. हे मी इतकी वर्षे पाहत होतो, आणि एखादा पक्षी रोज त्याच फांदीवर बसतो तसे ते मला वाटत होते. वाळूचा ढीग पडला त्या संध्याकाळी त्यांची काठी ढिगात रुतली, आणि पहिल्यांदाच ते गल्लीच्या मध्यावर दिशा हरवून उभे राहिलेले मी पाहिले. समोरून मोटारसायकल आली. काही झाले नाही. मी धावत जाऊन त्यांना धरले.

मी त्यांना सगळे सांगितले. आडवा उतार म्हणजे चोवीस फूट. आमच्या घराची गल्लीकडची बाजू त्यापेक्षा आखूड आहे, तेव्हा उताराचे शेपूट त्यांच्या दारापर्यंत येणार. मास्टरसाहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, बहिणीसाठी करताय, जरूर करा. कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो तेवढं मला एकदा हाताने दाखवून द्या. मी समोरच्या भिंतीने जात जाईन."

म्हणजे त्यांनी संमती दिली. माझे काम झाले होते. आणि तिथेच माझी झोप गेली.

संमतीविषयी आपण फार सोपेपणाने विचार करतो. शेजारी 'हो' म्हणाला, तक्रार करणारा कोणी उरला नाही, मग अन्याय कोठे आहे? पण मास्टरसाहेब 'हो' म्हणाले ते सभ्य म्हणून. सभ्य माणसाकडून 'हो' मिळवणे हा व्यवहारातला सर्वांत स्वस्त सौदा आहे. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्या होकाराला किती किंमत द्यायची? दुसरी गोष्ट याहून अवघड. गल्ली काही मास्टरसाहेबांची नाही. तिच्यातून उद्या कोण जाईल हे मला ठाऊक नाही. कोणाची बाळंतीण घाटीच्या दवाखान्यात न्यायची असेल, कोणाची तिरडी निघेल, कुठे आग लागेल. पुढच्या वीस वर्षांत कोणाचे डोळे जातील, कोणाचे पाय जातील. त्यांची संमती मी कोणाकडून घेऊ? ती माणसे अजून आलेलीच नाहीत.

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की परवानगी नावाच्या ज्या कागदाला आपण आयुष्यभर नावे ठेवतो, तो मुळात आहे काय. जे आज हजर नाहीत त्यांच्या वतीने कोणीतरी 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याची ती जागा आहे. ती जागा भरणारा माणूस आळशी असेल, टेबलाखालून हात पुढे करणारा असेल, हे सगळे खरे. पण देऊळ पडके असले म्हणून त्यातला देव खोटा ठरत नाही. १९४९ चा महानगरपालिका अधिनियम रस्त्यावर पुढे आलेले बांधकाम हटवण्याचा अधिकार आयुक्ताला देतो. १९६६ चा नगररचना कायदा परवानगीवाचून बांधकाम करू नये म्हणतो. त्या कलमांत माझ्या अक्काचे नाव नाही, तसेच मास्टरसाहेबांचेही नाही. नाव नसणे हीच त्यांची न्यायबुद्धी, आणि नाव नसणे हाच त्यांचा निर्दयपणा.

निर्दयपणा म्हणतो याला कारण आहे. ज्या गल्लीत नियम पंधरा जणांच्या ओट्यांकडे पन्नास वर्षे पाहत नाही, तिथे तो सोळाव्याच्या उतारापाशी जागा झाला, तर त्याला समानता म्हणता येईल काय? पायरी बांधणाऱ्याला आजवर कोणी कारण विचारले नाही. पायरी ही स्वाभाविक, घराबरोबर आलेली. उतार मात्र विशेष, सवलत, अर्ज करून मागायची गोष्ट. वास्तविक दोन्ही सिमेंटच्याच. एकीवरून ज्यांचे पाय धड आहेत ते जातात, दुसऱ्यावरून सगळेच जातात. उतारावरून पोर पळते, बाबागाडी जाते, गॅसची टाकी जाते, म्हातारा जातो. पायरी हीच खरे म्हणजे धडधाकटांना दिलेली सवलत आहे, आणि ती त्यांनी कधी अर्ज करून मागितलेली नाही.

आता मला जो प्रश्न सर्वांत कठीण वाटतो त्याकडे येतो. अक्काला बाहेर पडण्यास कोणी मनाई केली होती? कोणीही नाही. आपल्या महाराष्ट्राला दाराबाहेर ठेवण्याचा इतिहास चांगला ठाऊक आहे. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबाची समाधी आहे. एक भक्त आपण होऊन पायरीत गेला, दुसऱ्याला पायरीच्या पुढे येऊ दिले नाही. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह उभारावा लागला, १९४७ साली पंढरपूरच्या दारासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. तिथे दार बंद करणारे हात दिसत होते. ज्याच्याशी भांडायचे तो समोर होता. दोन गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. जाणूनबुजून केलेल्या अपमानाचे विष निराळे असते. पण आमच्या पायऱ्या बांधताना आजोबांच्या मनात कोणाविषयी द्वेष नव्हता. त्यांना फक्त पावसाचे पाणी आत येऊ द्यायचे नव्हते. पाणी अडले, आणि त्याबरोबर साठ-सत्तर वर्षांनी त्यांची स्वतःची नात अडली. अन्याय करणारा कोणीच नाही, आणि तरी अन्याय झालेला आहे. असा अन्याय अन्याय असतो काय, की ते केवळ दुर्दैव?

पुष्कळ दिवस मी 'दुर्दैव' या बाजूला होतो. अर्धांग हे दुर्दैवच आहे. पण पायरी आणि अर्धांग या दोन गोष्टी मी एकत्र करीत होतो. पाय गेला हे दुर्दैव. पण तीन पायऱ्या देवाने बांधलेल्या नाहीत. त्या बदलता येतात हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशीही त्या तशाच ठेवल्या, तर त्या दिवसापासून त्या माझ्या झाल्या. आजोबांचा हेतू निर्दोष होता. माझ्या आळसाला त्या निर्दोषपणाचा आधार घेता येणार नाही.

आपल्या शहराजवळ देवगिरीचा किल्ला आहे. तासून गुळगुळीत केलेला कडा, खंदक, आणि आत शिरलेला शत्रू गोंधळून जावा म्हणून केलेली ती अंधारी. माणसाला वर चढता येऊ नये हाच ज्या इमारतीचा गुण, ती म्हणजे किल्ला. तिथे मी कोणाकडे उतार मागणार नाही. पण कचेऱ्या आपण किल्ल्यासारख्या का बांधतो? २०२३ साली मुंबईत विराली मोदी या चाकाच्या खुर्चीवरील तरुणीचे लग्न होते. खारचे विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला उद्वाहक नाही, आणि खाली येऊन सही घ्यायला कोणी तयार नाही. शेवटी नवरीला उचलून वर नेले. गोष्ट बाहेर आल्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिची क्षमा मागितली. ती बातमी वाचताना मला अक्काचा पलंग आठवला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने पदपथांच्या तोंडाशी रोवलेल्या खांबांची स्वतःहून दखल घेतली. खांब कशाला, तर मोटारसायकली पदपथावर चढू नयेत म्हणून. चांगला हेतू. पण खांब इतके जवळजवळ की चाकाची खुर्चीही आत जाईना. मोटारसायकलवाल्याला दुसरी वाट सापडतेच. अडकतो तो ज्याच्यासाठी पदपथ होता तोच. आमच्या गल्लीत मी हेच करायला निघालो होतो, फक्त उलट्या बाजूने.

कायदा या बाबतीत फार मागे आहे असे नाही. १९९५ साली पहिला कायदा झाला. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांगजन हक्क अधिनियम आला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की प्रवेशसुलभतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकामाची परवानगी देऊ नये, पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, आणि असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुधाराव्यात. नियम २०१७ मध्ये निघाले. पाच वर्षे कधीच उलटली. आणि पुढे काय झाले? राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की केंद्राच्या नियमांतला पंधरावा नियम मूळ कायद्याशीच विसंगत आहे. कायद्याला हवे होते बंधन. नियमाने दिल्या होत्या शिफारशी. न्यायालयाने तीन महिन्यांत सक्तीचे नियम वेगळे काढायला सांगितले. एका माणसाच्या अर्जाला एकोणीस वर्षे! 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांच्यामध्ये एवढे अंतर असते. घरातही असते. बहिणीसाठी उतार 'करावा' असे मला तीन वर्षे वाटतच होते.

आणि गंमत पाहा, हे शहर मुळी उताराच्या हिशेबावर उभे राहिले. १६१० च्या सुमारास मलिक अंबराने खडकी वसवली आणि भोवतालच्या डोंगरांतले पाणी नहरीने गावात आणले. पंप नाही, वीज नाही. जमिनीखालून बांधलेली वाट आणि तिचा बेताचा उतार, एवढ्यावर पाणी हौदापर्यंत चालत येई. पुढे पाणचक्कीलाही पाणी असेच डोंगरातून मातीच्या नळांनी आले. उतार जास्त झाला तर वाट फुटते, कमी झाला तर पाणी तुंबते, हे त्या कारागिरांना बोटांवर माहीत होते. पाण्यासाठी जे आम्हाला चारशे वर्षांपूर्वी साधले ते माणसांसाठी अजून साधलेले नाही. पाणी अडले की सगळा गाव ओरडतो. अक्का अडली तर ती स्वतःही ओरडत नाही, तिचे नुसते डोके दुखते.

असो. मी वाळूचा ढीग उचलवला आणि नकाशा घेऊन कचेरीत गेलो. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या तरुण अभियंत्याने कागद पाहिले आणि म्हणाला, "काका, रस्त्यावरचा उतार मी मंजूर करू शकत नाही. पण तुम्ही तो रस्त्यावरच का घेताय?" मी म्हणालो, आमच्याकडे अंगण नाही. तो नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "ही खोली कसली?"

ती खोली म्हणजे माझी बैठक. सतरा फूट बाय अकरा. आमच्या घरातली ती एकच खोली गल्लीला लागून आहे. वडिलांचे मेज, आजोबांची आरामखुर्ची, दोन भिंतींना पुस्तके, आणि गल्लीकडे ती मोठी गजांची खिडकी. चाळीस वर्षे मी सकाळचा चहा तिथे घेतो. अभियंत्याने पेन्सिलीने रेघा मारल्या. खिडकीच्या जागी रस्त्याच्या पातळीवर दार. आत शिरल्यावर बारा फूट उतार. टोकाला पाच फुटांचा सपाट टप्पा, खुर्ची वळवायला. तिथून उलट फिरून दुसरे बारा फूट. आणि वर पोचल्यावर बाजूच्या भिंतीत देवडीकडे उघडणारे दार. चोवीस फूट बरोबर बसले. अकरांपैकी सात फूट गेले, चार उरले. पाणी आत येऊ नये म्हणून दारापाशी जाळीचे गटार. "जोते फोडायचे, भिंतीत दार पाडायचे, म्हणजे परवानाधारक अभियंत्याची सही आणि रीतसर अर्ज लागेल," तो म्हणाला. "पण हे देता येईल."

घरी परत येताना मी त्याच्यावर रागावलो होतो, आणि रागाचे कारण शोधत होतो. परवानगी नाकारली म्हणून नव्हे, दिली म्हणून. तोपर्यंत मला वाटत होते की प्रश्न अक्का आणि नियम यांच्यातला आहे, किंवा फार तर अक्का आणि मास्टरसाहेब यांच्यातला. तसा तो नव्हताच. दोन दुबळ्या माणसांचे हक्क एकमेकांवर आदळताहेत अशी मोठी नैतिक कोंडी मी रात्र-रात्र जागून उभी केली होती, आणि त्या सबंध कोंडीत एक गोष्ट मी कधी मोजलीच नव्हती: माझी बैठक. जागा नव्हती असे नाही. जागा होती, ती माझी होती. रस्त्याचे तीन फूट मी सहज देऊ केले, कारण ते माझे नव्हते.

काम दोन महिने चालले. अर्जालाही काही आठवडे लागले. पुस्तके वरच्या खोलीत गेली, मेज जिन्याखाली गेले. आरामखुर्ची उरलेल्या चार फुटांत बसते, पण पाय लांब करता येत नाहीत. सौ. म्हणाली, "एवढे तोंड पाडायला काय झाले?" मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर मला वाईट वाटत होते, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटत होती, आणि लाज वाटूनही वाईट वाटायचे काही थांबले नाही.

पहिल्या दिवशी मुलगा अक्काची खुर्ची ढकलायला गेला. तिने त्याचा हात बाजूला केला. डाव्या हाताने चाक आणि उजव्याने कठडा धरीत ती उतरली. टप्प्यावर दोन मिनिटे थांबली, वळली आणि पुन्हा उतरली. बराच वेळ लागला. खाली दारात आल्यावर गल्लीतल्या कोणी वाट करून दिली नाही. भाजीवाला त्याच्या गाडीसह मध्येच उभा होता. अक्काने त्याला बाजूला व्हायला सांगितले आणि मेथीचा भाव विचारला.

या वर्षी वसुबारसेची रांगोळी तीच काढणार आहे. मला तिने ठिपक्यांचा कागद आणायला सांगितला आहे. काल संध्याकाळी ती नव्या दारात बसली होती, मी शेजारी उभा होतो. मास्टरसाहेब मशिदीतून परत आले. भिंतीवर बोटे ठेवून येत होते. नव्या दाराच्या चौकटीपाशी बोटे थांबली, त्यांनी लाकूड चाचपले आणि अक्काला सलाम केला. पुढे आमच्या मोठ्या दारापाशी आले, भिंत सोडली, तीन पावले बाहेर गेले, आणि पुन्हा भिंतीला आले.

अक्का बघत होती. म्हणाली, "या पायऱ्या अजून कशाला ठेवल्यास रे?"

मी म्हणालो, आम्ही सगळे अजून त्याच दाराने जातो-येतो, सवय आहे. दिवाळी झाली की मिस्त्रीला विचारतो.